हाजीरजामीन की मालजामीन?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ अशी एक म्हण आपल्या भाषेत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. म्हण करणाराला व्यवहार चांगला ठाऊक होता यात शंका नाही. बांधाच्या हातभर जमिनीसाठी दोन भाऊ भांडावेत आणि शेवटी दोघांचीही शेते खर्चापायी जावीत, हा प्रकार खेड्यात कुणी पाहिलेला नाही? परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, कोर्टाची पायरी माणूस आपल्या पायांनी, आपल्या इच्छेने चढतो. दिवाणी दाव्यापुरते हे खरे असेल. फौजदारी खटल्यात मात्र आरोपीला ती पायरी चढावीच लागते. तेथे शहाण्याची आणि अडाण्याची गत एकच. आणि एकदा वर गेलेला माणूस खाली केव्हा येणार, हे त्याच्या शहाणपणावर नव्हे, तर दुसऱ्याच काही गोष्टींवर अवलंबून असते. त्या गोष्टी कोणत्या, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ज्याच्यावर आरोप आहे, पण जो अद्याप दोषी ठरलेला नाही, अशा माणसाला आपल्याकडे ‘कच्चा कैदी’ म्हणतात. कच्चा म्हणजे ज्याचा निकाल लागलेला नाही असा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत एकूण ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. तुरुंग ही शिक्षा भोगण्याची जागा आहे असे आपण शाळेपासून समजत आलो. प्रत्यक्षात ती मुख्यतः वाट पाहण्याची जागा झाली आहे.

या कच्च्या कैद्याच्या हाती कायद्याने दोन आधार दिले आहेत. एक जामीन आणि दुसरा शीघ्र न्यायचौकशीचा हक्क. हे दोन्ही वेगवेगळे विषय आहेत असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ती एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. खटला महिन्या-दोन महिन्यांत निकाली निघत असेल, तर जामीन नाकारल्याने होणारे नुकसान सोसता येईल. जामीन सहज मिळत असेल, तर खटला लांबला तरी आरोपी निदान आपल्या घरी राहून कामधंदा करील. परंतु जामीनही नाही आणि खटलाही नाही, असे जेव्हा होते तेव्हा निकालाआधीच शिक्षा भोगून होते, आणि पुढे येणारा निकाल ही केवळ एक औपचारिकता उरते.

आता ‘जामीन’ या शब्दाकडेच पाहू. हा शब्द आपल्याकडे फार्सी-अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ कागद किंवा रक्कम असा नाही. जामीन म्हणजे माणूस, दुसऱ्यासाठी हमी देणारा माणूस. म्हणूनच आपण आजही ‘जामीन राहणे’ असे म्हणतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘जामीन कतबा’ म्हणजे हमीपत्र ठिकठिकाणी आढळते. त्या काळी जामिनाचे दोन प्रकार मानीत. ‘मालजामीन’ म्हणजे देण्याघेण्याची, पैशाची हमी घेणारा. आणि ‘हाजीरजामीन’ म्हणजे अमुक माणूस बोलावल्या वेळी हजर राहील याची हमी घेणारा. हा भेद आपल्या पूर्वजांनी फार नेमका केला होता. कर्जदारासाठी मालजामीन लागतो. आरोपीसाठी हाजीरजामीन लागतो. आरोपी सरकारचे काही देणे लागत नाही. त्याने फक्त तारखेला यावयाचे असते.

माझ्या मते आपल्या फौजदारी व्यवहारातील निम्मे दुखणे या एका गोष्टीत आहे: आपण हाजीरजामिनाच्या जागी मालजामीन आणून बसवला.

हे कसे झाले ते आमच्या भागाच्या उदाहरणाने सांगतो. मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. निरा डाव्या कालव्याने भिजणारा आमचा हा पट्टा उसाचा. आमचे पोलीस ठाणे वडगाव निंबाळकरला, न्यायालय बारामतीला आणि मध्यवर्ती कारागृह येरवड्याला. गावातल्या एखाद्यावर गुन्हा दाखल झाला आणि न्यायालयाने जामीन मंजूर केला, की आदेशाची भाषा सर्वसाधारणपणे ठरलेली असते: अमुक हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला कबुलीचा कागद. त्याला काही अडचण नसते. अडचण ‘सक्षम’ या शब्दात आहे. सक्षम म्हणजे काय? व्यवहारात याचे उत्तर एकच: सातबारा. ज्याच्या नावावर जमीन आहे तो सक्षम. मग भावकीत फिरा, सातबारा आणि आठ-अ चे उतारे काढा, शिधापत्रिका घ्या, जेथे मागतील तेथे ऐपतीचा दाखला, ज्याला सर्वजण ‘सॉल्व्हन्सी’ म्हणतात, तो तहसील कचेरीतून आणा, आणि त्या जमीनवाल्याला एक दिवस कामधाम सोडून बारामतीला यायला राजी करा.

बागायतदाराच्या मुलाला यात फारसे काही वाटणार नाही. सकाळी आदेश झाला तर संध्याकाळपर्यंत कागद पुरे होतात. पण ज्याच्या भावकीत कुणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने हा सक्षम माणूस कोठून आणावा? जमीनवाल्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, त्याने ‘उद्या बघू’ म्हणायचे, आणि पुढे कधीतरी त्या उपकाराची परतफेड राबून करायची. म्हणजे ज्या जामिनाने माणूस मोकळा व्हायचा, त्याच जामिनाने तो दुसऱ्या एका दावणीला बांधला जातो.

याहून बिकट अवस्था बाहेरून आलेल्यांची. दरवर्षी गळीत हंगामात सोमेश्वर कारखान्याच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. अहिल्यानगर, बीड आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन येतात आणि हंगाम संपला की परत जातात. कल्पना करा, यांतल्या एखाद्यावर मोटार चोरल्याचा किंवा मारामारीचा आरोप आला. त्याचे गाव दोनशे किलोमीटरवर. त्याला ओळखणारी माणसे त्याच्यासारखीच कोपीत राहणारी. ‘स्थानिक जामीनदार आणा’ असे त्याला सांगणे म्हणजे ‘तू आतच राहा’ असे सभ्य भाषेत सांगणे होय. राहता राहिला मुकादम; आणि मुकादम जामीन राहिलाच, तर मूळच्या उचलीत आणखी एका ऋणाची भर पडणार हे सांगायला नको.

आणि ज्यांना गावच नाही त्यांचे काय? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कागद बदलला, नजर किती बदलली? बारामती-इंदापूर भागातील पारधी वस्त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. कुठेही चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर जातो. संशयाला पुरावा लागत नाही, जामिनाला मात्र सातबारा लागतो. २००३ मध्ये घडलेल्या एका भीषण गुन्ह्यात भटक्या समाजातील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. मधली सोळा वर्षे पाच लाखांत भरून येतात काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जामीनदाराचा हा पेच न्यायालयांच्या ध्यानात आला नाही असे नाही. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडण्यास सांगितले होते. खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार झाला, पण त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. एका जिल्ह्याची हमी दुसऱ्या जिल्ह्यात चालत नसेल, तर एक देश कशाला म्हणायचे, हा त्या निकालाचा सरळ अर्थ. त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, स्थानिक जामीनदाराची अट हे सुटकेला विलंब होण्याचे एक कारण आहे आणि अशा प्रकरणांत ती घालू नये. यावरून कायद्याची वाणी आणि कचेरीची वहिवाट यांत केवढे अंतर असते ते दिसून येते.

याबाबतीत आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण विचार करण्याजोगे आहे. २७ जुलै १८९७ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. प्रथम मॅजिस्ट्रेटने आणि नंतर उच्च न्यायालयानेही जामीन नाकारला. पुन्हा अर्ज करण्यात आला आणि ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. आरोपी चौकशीला हजर राहील की नाही, हा त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता. आणि टिळक पळून जातील असे त्यांच्या शत्रूलाही वाटत नव्हते. म्हणजे तय्यबजींनी हाजीरजामिनाचाच विचार केला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. आता दावर न्यायासनावर होते. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना यांनी जामीन मागितला आणि १८९७ च्या निर्णयाचा दाखला दिला. दावर यांनी अर्ज फेटाळला आणि त्याची कारणे देण्याचेही नाकारले. आरोपी तोच, कलम तेच. बदलली होती फक्त मागणाराची आणि देणाराची जागा.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, जामीन हा जेव्हा केवळ न्यायाधीशाच्या मर्जीचा विषय राहतो, तेव्हा न्यायाला व्यक्तीनुसार रंग चढतो. दुसरी अधिक नाजूक आहे. १९०८ मध्ये टिळकांना २४ जूनला अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एका महिन्याच्या आत सारे आटोपले! मग याला शीघ्र न्याय म्हणायचे काय? मुळीच नाही. शीघ्र न्याय आणि घाईचा न्याय या भिन्न गोष्टी आहेत. आरोपीला आपली बाजू मांडण्यास पुरेसा अवसर मिळावा आणि तो अवसर संपल्यावर एकही दिवस फुकट जाऊ नये, हा शीघ्र न्याय. त्याचा संबंध घड्याळापेक्षा न्यायबुद्धीशी अधिक आहे.

आता विलंबाकडे वळू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये ‘शीघ्र चौकशी’ हे शब्द नाहीत. ‘कायद्याने ठरवलेल्या पद्धतीवाचून कुणाचेही जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही’ एवढाच त्याचा आशय. १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणात ती पद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आणि पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांनी या तत्त्वाची कसोटी पाहिली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले ज्येष्ठ पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लिहिले. ते वाचून ॲड. कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली. हुसैनारा खातून या नावाने ती प्रसिद्ध आहे. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकली असती, तिच्याहून अधिक काळ माणसे खटल्यावाचून आत पडून होती, असे उघडकीस आले. न्यायमूर्ती भगवती यांनी शीघ्र न्यायचौकशी हा अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि हजारो कैद्यांना वाट मोकळी झाली. पुढे १९९१ साली महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या हक्काचे नियम सविस्तर सांगितले. मात्र खटला अमुक वर्षांत संपलाच पाहिजे अशी कालमर्यादा घालण्यास त्यांनी नकार दिला. योगायोग असा की, शीघ्र न्यायाचा कायदा एका गरीब स्त्रीच्या आणि एका मुख्यमंत्र्याच्या नावाने ओळखला जातो. हक्क दोघांचा सारखाच. पण तो मिळवण्याची ताकद सारखी नव्हती हे सांगायला नको.

हक्क एवढा स्पष्ट झाल्यावर विलंब थांबायला हवा होता. प्रत्यक्षात काय घडले? आपल्या पुणे जिल्ह्याशी संबंधित दोन प्रकरणे घ्या. एल्गार परिषद व कोरेगाव भीमा प्रकरणात फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. वय त्र्याऐंशी, अंगात कंपवाताचा विकार, हातात पेला धरणे कठीण. ५ जुलै २०२१ रोजी, त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच, त्यांचा मृत्यू झाला. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कधीच ठरणार नाही. याच प्रकरणातील सुधीर ढवळे यांना जून २०१८ मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. साडेसहा वर्षे उलटली होती, साक्षीदार तीनशेच्या वर होते, आणि तोवर आरोपसुद्धा निश्चित झालेले नव्हते. हे ढवळे यापूर्वी २०११ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पकडले गेले होते आणि चाळीस महिन्यांनी, २०१४ मध्ये, निर्दोष सुटले होते.

येथे कुणी म्हणेल, लेखकाचा कल एका विशिष्ट विचाराच्या आरोपींकडे दिसतो. म्हणून दुसऱ्या टोकाचे उदाहरणही देतो. २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यात लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना नोव्हेंबर २००८ मध्ये अटक झाली. त्यांना जामीन मिळाला ऑगस्ट २०१७ मध्ये, आणि विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी सर्व सात आरोपींना निर्दोष ठरवले. जवळजवळ नऊ वर्षे आत आणि एकंदर सतरा वर्षे खटला. आपल्याला कुणाचे विचार पटतात हा प्रश्न येथे गैरलागू आहे. जो हक्क आपण आपल्या आवडत्या आरोपीसाठी मागतो आणि नावडत्याला नाकारतो, तो हक्क नसून पक्षपात होय.

आणि विलंबाने केवळ आरोपीच भरडला जातो असे नाही. मालेगावच्या त्या स्फोटात सहा माणसे मारली गेली. त्यांच्या आप्तांनी सतरा वर्षे वाट पाहिली, आणि शेवटी गुन्हेगार कोण हे त्यांना कळलेच नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्या खटल्यात आरोप निश्चित झाले ते सप्टेंबर २०२१ मध्ये आणि निकाल लागला १० मे २०२४ रोजी. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. आणि सुटलेल्यांतील एकाला अटक झाली होती २०१६ मध्ये. एकाच खटल्यात एका बाजूला दाभोलकर कुटुंबीय न्यायासाठी पावणेअकरा वर्षे ताटकळले, तर दुसऱ्या बाजूला ज्याच्यावरील आरोप सिद्ध झाला नाही असा मनुष्य आठ वर्षे निकालाची वाट पाहत राहिला. विलंबाचा फायदा कुणाला झाला? फिर्यादीला नाही, निर्दोषाला नाही. साक्षीदार म्हातारे होतात, विसरतात, फितूर होतात. त्यामुळे झालाच तर तो खऱ्या गुन्हेगाराला होतो.

जामिनाविषयी खेड्यात एक आक्षेप नेहमी ऐकू येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ‘गुन्हा करून चार दिवसांत सुटला आणि गावात मिशीला पीळ देत फिरतो’, असे लोक म्हणतात. गावातील दुबळ्या घरावर धनदांडग्यांनी हल्ला केला, आणि आरोपी सुटून त्याच गल्लीत आले, तर त्या घराने साक्ष कोणत्या जिवावर द्यावी? हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडिताला जामिनाच्या वेळी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे आणि आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा अशी अपेक्षा ठेवली आहे. साक्षीदाराला धमकावण्याची खरी शक्यता असेल, तर जामीन नाकारणे किंवा आरोपीला तालुक्याबाहेर राहण्याची अट घालणे योग्यच. पण बारकाईने पाहा. धमकावण्याची ताकद कुणाकडे असते? ज्याच्याकडे जमीन, माणसे आणि पैसा आहे त्याच्याकडे. आणि सक्षम जामीनदार सहज कुणाला मिळतो? त्यालाच! म्हणजे ज्याच्यापासून धोका तो दुसऱ्या दिवशी बाहेर, आणि ज्याच्यापासून कुणालाच धोका नाही तो सातबाऱ्यावाचून आत. मालजामिनाची चाळणी अशी उलटी आहे. शिवाय खोटे उतारे आणि बनावट ओळखपत्रे दाखवून पैशासाठी जामीन राहणाऱ्या टोळ्या पुण्यात पकडल्या गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा जमिनीच्या कागदाने हजेरीची हमी मिळते, हा समजही फारसा टिकत नाही.

विलंबाची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे विधी आयोगाने १९८७ साली सुचवले. आज मंजूर पदेच सुमारे एकवीस आहेत आणि त्यांतीलही अनेक रिकामी राहतात. देशभर पाच कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत. कधी कैद्याला आणायला पोलीस पार्टी मिळत नाही, कधी पंच येत नाहीत, कधी प्रयोगशाळेचा अहवाल येत नाही, कधी वकीलच तारीख मागतात. पण हे सारे अपरिहार्य आहे असे मानण्याचे कारण नाही. कोपर्डीचा गुन्हा १३ जुलै २०१६ चा. नगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये, सोळा महिन्यांत, निकाल दिला. कारण साऱ्या महाराष्ट्राचे डोळे त्या खटल्यावर होते. ज्याच्यासाठी लाखोंचे मोर्चे निघत नाहीत, त्याचा खटला मात्र कपाटात पडून राहतो. न्यायाचा वेग मोर्च्याच्या लांबीवर ठरावा ही काही लोकशाहीला भूषणावह गोष्ट नव्हे.

कायद्याच्या बाजूने काही पावले पडली आहेत, आणि ती आपणा विद्यार्थ्यांना माहीत असली पाहिजेत. जामीनपात्र गुन्ह्यात जो एका आठवड्यात जामीनदार देऊ शकत नाही, त्याला निर्धन समजून त्याच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडावे, असे कायद्यातच लिहिले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर तिला मुचलक्यावर सोडावयाचे आहे. इतरांना निम्म्या काळानंतर जामीन आहे. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्यावर टाकली आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही, ही त्यातील मोठी उणीव. कारण ज्यांच्यावर संशयाने वारंवार गुन्हे दाखल होतात, नेमके तेच त्यातून वगळले जातात. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे २०२३ च्या आदेशात आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची योजनाही जाहीर केली. आणि तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो, हे १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. पण हे माहीत कुणाला? ज्याला याची गरज आहे त्याच्यापर्यंत हे कोण पोचवणार?

येथे मला एका परदेशी प्रयोगाची आठवण द्यावीशी वाटते. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘मॅनहॅटन जामीन प्रकल्प’ सुरू झाला. कायदा शिकणारे विद्यार्थी अटक झालेल्यांना भेटत आणि साधे प्रश्न विचारीत: किती वर्षे या शहरात राहतोस, घरी कोण आहे, काम कोठे करतोस, तुला ओळखणारा कोण? मग त्या माहितीची खातरजमा करून ते न्यायाधीशापुढे ठेवीत. ज्याची मुळे समाजात आहेत तो पळून जात नाही, हे त्यामागचे सूत्र. अशा रीतीने पैशावाचून सोडलेले बहुसंख्य आरोपी तारखेला बरोबर हजर राहिले. १९६६ मध्ये अमेरिकेला आपला जामिनाचा कायदा सुधारावा लागला, आणि न्यायमूर्ती भगवतींनी हुसैनारा निकालात या प्रयोगाचा उल्लेख केला. हा तर आपलाच जुना हाजीरजामीन! ‘हा माणूस आमचा आहे, तो येईल’, असे सांगणारा शेजारी. त्यासाठी सातबारा लागत नाही. लागते ती ओळख.

आपल्याकडेही असे काम अशक्य नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांसाठी काम करीत आला आहे. आपण तर बारामतीपासून तासाभराच्या आत राहणारे विद्यार्थी. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे, शिबिरे होतात, रस्ते झाडले जातात, झाडे लावली जातात. ते सारे चांगलेच आहे. पण एखाद्या हंगामात आपण कोप्यांवर आणि पारधी वस्तीवर जाऊन एवढेच का सांगू नये, की अटक झाली तर मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समिती बारामतीच्या न्यायालयातच आहे, आणि जामीनदार मिळत नसेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो? राज्यशास्त्राच्या पेपरात अनुच्छेद २१ वर आपण पंधरा गुणांचे उत्तर लिहितो. त्यातील पाच गुणांचे जरी कोपीत पोचले, तरी तो विषय शिकल्याचे सार्थक होईल. आणि गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. वर्षातून एखादा दिवस आम्हांला बारामतीच्या न्यायालयात नेऊन बसवावे. खुल्या न्यायालयात कुणालाही बसता येते. एका दिवसात किती तारखा पडतात, किती जामीन मंजूर होतात आणि किती जण मंजूर होऊनही आतच राहतात, हे पाहिल्यावर पाठ्यपुस्तकाचा अर्थ अधिक नीट कळेल.

गावात आपण एकमेकांसाठी अनेक ठिकाणी जामीन राहतो. सोसायटीच्या कर्जाला राहतो, बँकेच्या कर्जाला राहतो. तो मालजामीन असतो आणि त्यात आपले पैसे बुडण्याचा धोका असतो. तरी आपण सही करतो, कारण माणूस ओळखीचा असतो. मग जेथे काही बुडणार नाही, जेथे फक्त ‘हा येईल’ एवढेच सांगायचे आहे, तेथे आपण मागे का सरतो? न्यायालयाने माणसाची पत जमिनीवरून मोजणे थांबवले पाहिजे हे खरे. पण त्याआधी आपण तशी मोजणी थांबवली पाहिजे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हण सांगते. दुसऱ्याला उतरवून घेण्यासाठी ती चढावी लागत असेल, तर मात्र शहाण्याने ती अवश्य चढावी.